ऑनलाइन चित्रफितींतील अतिरेकी आशय आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्य

ऑनलाइन चित्रफितींतील अतिरेकी आशय आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्य हा संविधान, फौजदारी कायदा आणि माहिती तंत्रज्ञान कायदा या तिन्हींशी निगडित असलेला वादविषय आहे. हिंसेची चिथावणी देणाऱ्या, दहशतवादी संघटनांचा प्रचार करणाऱ्या किंवा एखाद्या समाजगटाविरुद्ध द्वेष पसरवणाऱ्या चित्रफिती यूट्यूब, फेसबुक, इन्स्टाग्राम यांसारख्या मंचांनी काढून टाकाव्यात का, काढायच्या असल्यास निर्णय कोणी व कोणत्या निकषावर घ्यावा, आणि तसे करताना कायदेशीर अभिव्यक्तीचा बळी जाणार नाही याची हमी कशी द्यावी, हे या वादातील मुख्य प्रश्न आहेत. महाराष्ट्रात या विषयाशी संबंधित अनेक खटले व घटना घडल्या आहेत. जानेवारी २०२४ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील एका सभेसंदर्भात सर्वोच्च न्यायालयाने दिलेला आदेश हा त्यांपैकी एक होय. या आदेशात न्यायालयाने सभेवर बंदी घातली नाही. मात्र द्वेषमूलक भाषण रोखण्याची जबाबदारी जिल्हा प्रशासनावर टाकून आवश्यकतेनुसार चित्रीकरणाची व्यवस्था करण्यास सांगितले.

संज्ञा

भारतीय कायद्यात 'अतिरेकी आशय' अशी स्वतंत्र व्याख्या नाही. व्यवहारात या संज्ञेखाली किमान तीन प्रकारचा आशय येतो. पहिला, बंदी घातलेल्या संघटनांचा प्रचार व भरती. त्यास बेकायदेशीर कृत्ये (प्रतिबंध) अधिनियम, १९६७ लागू होतो. दुसरा, धर्म, जात, भाषा, वंश इत्यादींच्या आधारे गटागटांत शत्रुत्व वाढवणारा आशय, म्हणजेच द्वेषमूलक भाषण. तिसरा, प्रत्यक्ष हिंसाचाराचे चित्रण व हिंसेस कारण ठरणाऱ्या अफवा. द्वेषमूलक भाषणाविषयी स्वतंत्र तरतुदी करण्याची शिफारस विधी आयोगाने मार्च २०१७ मधील आपल्या २६७ व्या अहवालात केली होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत मात्र भारतीय दंड संहितेतील जुन्याच तरतुदी बहुतांशी कायम राहिल्या.

मंच स्वतः आशय निर्माण करत नाहीत, तर वापरकर्त्यांनी चढवलेला आशय इतरांपर्यंत पोहोचवतात. म्हणून कायद्यात त्यांना 'मध्यस्थ' म्हटले जाते. तथापि कोणती चित्रफीत कोणाला सुचवावी हे मंचांच्या संगणकीय प्रणाली ठरवतात, त्यामुळे त्यांची भूमिका टपाल खात्यासारखी निव्वळ वाहकाची आहे की वृत्तपत्राच्या संपादकासारखी, याविषयी मतभेद आहेत.

कायदेशीर चौकट

संविधान

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(क) नुसार नागरिकांना भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य आहे. अनुच्छेद १९(२) मध्ये या स्वातंत्र्यावर वाजवी निर्बंध घालण्याची कारणे दिली आहेत. देशाचे सार्वभौमत्व व एकात्मता, राज्याची सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता व नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी आणि गुन्ह्यास चिथावणी ही ती कारणे होत. यांच्याबाहेरील कारणासाठी राज्यसंस्थेला अभिव्यक्तीवर निर्बंध घालता येत नाही. खासगी कंपन्यांवर हा अनुच्छेद सामान्यतः थेट बंधनकारक मानला जात नाही. त्यामुळे मंच आपल्या अंतर्गत नियमांनुसार कायदेशीर आशयही काढू शकतात.

फौजदारी कायदा

गटागटांत शत्रुत्व वाढवणे (भारतीय दंड संहिता कलम १५३अ; भारतीय न्याय संहिता कलम १९६), धार्मिक भावना हेतुपुरस्सर दुखावणे (कलम २९५अ; आता कलम २९९) आणि सार्वजनिक उपद्रवास कारण ठरणारी विधाने (कलम ५०५; आता कलम ३५३) या तरतुदी चित्रफितींनाही लागू होतात. कलम १५३अ खालील गुन्ह्यासाठी शत्रुत्व वाढवण्याचा हेतू आवश्यक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मंजर सईद खान विरुद्ध महाराष्ट्र राज्य (२००७) या निकालात स्पष्ट केले. हा खटला जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरील इंग्रजी पुस्तकावरून उद्भवला होता. याच पुस्तकाच्या वादातून ५ जानेवारी २००४ रोजी पुण्यातील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर हल्ला झाला होता.

माहिती तंत्रज्ञान कायदा

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील कलम ७९ नुसार, त्रयस्थांनी चढवलेल्या आशयाबद्दल मध्यस्थांना काही अटींवर संरक्षण मिळते. कलम ६९अ केंद्र सरकारला विशिष्ट कारणांसाठी आशय रोखण्याचा अधिकार देते. त्याची कार्यपद्धती २००९ च्या नियमांत दिलेली आहे. या नियमांतील गोपनीयतेच्या तरतुदीमुळे रोखण्याचे आदेश सहसा प्रसिद्ध होत नाहीत आणि आशयकर्त्याला आपली चित्रफीत कोणत्या कारणासाठी रोखली गेली हे समजत नाही, अशी टीका होत आली आहे.

श्रेया सिंघल विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी या अधिनियमाचे कलम ६६अ घटनाबाह्य ठरवून रद्द केले. या खटल्यामागे पालघर येथील घटना होती. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबईतील बंदविषयी फेसबुकवर मजकूर लिहिल्याबद्दल एका तरुणीला आणि तो पसंत केल्याबद्दल तिच्या मैत्रिणीला अटक झाली होती. न्यायालयाने या निकालात चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी या तीन पायऱ्यांत भेद केला. एखाद्या मताची चर्चा किंवा पुरस्कार, ते मत कितीही अप्रिय असले तरी, स्वातंत्र्याच्या कक्षेत येतो. चिथावणीच्या पायरीवर मात्र कायदा हस्तक्षेप करू शकतो, असे न्यायालयाने म्हटले. कलम ६९अ वैध ठरवण्यात आले. कलम ७९ चा अर्थ लावताना, न्यायालयाचा आदेश किंवा शासनाची अधिसूचना मिळाल्यावरच आशय काढण्याचे कायदेशीर दायित्व मध्यस्थावर येते, केवळ खासगी तक्रारीवरून नव्हे, असे न्यायालयाने ठरवले.

२५ फेब्रुवारी २०२१ रोजी अधिसूचित झालेल्या नियमांनुसार, असा आदेश मिळाल्यापासून ३६ तासांत आशय काढणे मूळ स्वरूपात बंधनकारक करण्यात आले. ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या मंचांना भारतात तक्रार निवारण अधिकारी नेमणे व मासिक अनुपालन अहवाल प्रसिद्ध करणेही आवश्यक झाले. २०२२ च्या दुरुस्तीने मंचाच्या निर्णयाविरुद्ध शासननियुक्त अपील समित्यांकडे दाद मागण्याची सोय केली. २०२३ च्या दुरुस्तीतील केंद्र सरकारच्या तथ्यपडताळणी कक्षाची तरतूद विनोदकार कुणाल कामरा व इतरांच्या याचिकांवर मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली. जानेवारी २०२४ मध्ये खंडपीठातील दोन न्यायमूर्तींत मतभेद झाल्यानंतर तिसरे न्यायमूर्ती अ. श. चांदूरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ रोजी तरतूद घटनाबाह्य असल्याचे मत दिले.

नागपूर उच्च न्यायालयाची कसोटी

कोणता आशय धोकादायक मानावा, या प्रश्नावर भारतीय न्यायालये आजही वापरत असलेली एक महत्त्वाची कसोटी विदर्भात घडली. भगवती चरण शुक्ल विरुद्ध मध्य प्रांत व वऱ्हाड सरकार या, १९४७ च्या निकालसंग्रहात प्रसिद्ध झालेल्या प्रकरणात तत्कालीन नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी ती मांडली. वऱ्हाडातील यवतमाळ जिल्हा त्या काळी याच उच्च न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात होता. शब्दांचा परिणाम विवेकी, खंबीर व धैर्यवान माणसाच्या दृष्टीने जोखावा; दुबळ्या व दोलायमान मनाच्या किंवा प्रत्येक विरोधी मतात धोका पाहणाऱ्या माणसाच्या दृष्टीने नव्हे, असा या कसोटीचा आशय आहे.

चित्रमाध्यमाला ही कसोटी ठळकपणे लागू झाली ती 'तमस' या दूरदर्शन मालिकेच्या प्रकरणात. भीष्म साहनी यांच्या कादंबरीवर आधारित व गोविंद निहलानी यांनी दिग्दर्शित केलेल्या या मालिकेत फाळणीपूर्व दंगलींचे चित्रण होते. जानेवारी १९८८ मध्ये तिचे प्रसारण सुरू असताना ते थांबवण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाली. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन व सुजाता मनोहर यांनी मालिका स्वतः पाहून प्रसारणाच्या बाजूने निर्णय दिला. सर्वोच्च न्यायालयानेही १६ फेब्रुवारी १९८८ रोजी रमेश विरुद्ध भारत सरकार या निकालात न्या. बोस यांच्या कसोटीचा आधार घेत प्रसारणास हरकत घेणारी याचिका फेटाळली. अतिरेक दाखवणे आणि अतिरेकाचा पुरस्कार करणे या भिन्न गोष्टी आहेत, हे तत्त्व या निकालातून पुढे आले.

समाजमाध्यमांच्या काळातही ही कसोटी टिकून आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील एका महाविद्यालयातील प्राध्यापकाने व्हॉट्सअॅप स्थितीवर जम्मू-काश्मीरविषयक कलम ३७० हटवल्याचा निषेध केला व पाकिस्तानच्या स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा दिल्या, म्हणून हातकणंगले पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवण्यात आला होता. मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द करण्यास नकार दिला. ७ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाचे न्या. अभय ओक व न्या. उज्जल भुयान यांनी तो रद्द केला. महाराष्ट्रातून राज्यसभेवर निवडून गेलेले खासदार इम्रान प्रतापगढी यांनी समाजमाध्यमांवर टाकलेल्या एका चित्रफितीतील कवितेवरून गुजरातमध्ये नोंदवलेला गुन्हाही याच खंडपीठाने २८ मार्च २०२५ रोजी रद्द केला. दोन्ही निकालांत न्या. बोस यांच्या कसोटीचा उल्लेख आहे.

यवतमाळ जिल्ह्यातील प्रकरणे

पुसद हल्ला खटला

२५ सप्टेंबर २०१५ रोजी, बकरी ईदच्या दिवशी, पुसद येथे एका मशिदीबाहेर एका तरुणाने चाकूहल्ला करून तीन पोलिसांना जखमी केले. राज्यात त्याच वर्षी लागू झालेल्या गोवंश हत्याबंदीविषयीचा राग या हल्ल्यामागे होता. तपास दहशतवादविरोधी पथकाकडे गेला. तरुणांना दहशतवादी संघटनेत सामील होण्यास प्रवृत्त करण्याच्या कटाचा आरोप ठेवून आणखी दोघांना अटक करण्यात आली आणि बेकायदेशीर कृत्ये (प्रतिबंध) अधिनियमाखाली खटला चालवण्यात आला.

अकोला येथील विशेष न्यायालयाने २०१९ मध्ये तिघांनाही दहशतवादाच्या आरोपांतून मुक्त केले. 'जिहाद' या अरबी शब्दाचा मूळ अर्थ प्रयत्न किंवा संघर्ष असा असून, केवळ तो शब्द वापरला म्हणून कोणाला दहशतवादी ठरवता येणार नाही, असे न्यायालयाने नमूद केले. हल्ला करणाऱ्या तरुणास मात्र पोलिसांना जखमी केल्याबद्दल दोषी धरून तीन वर्षांची शिक्षा देण्यात आली. ती त्याने खटल्याच्या काळातच भोगलेली होती. शब्द आणि कृती यांत न्यायालयाने केलेला हा भेद आशय नियमनाच्या चर्चेत महत्त्वाचा ठरतो, कारण मंचांच्या स्वयंचलित प्रणालींनाही विशिष्ट शब्द किंवा चिन्ह आढळणे आणि त्यामागील अर्थ समजणे यांतील फरक ओळखणे कठीण जाते.

साहित्य संमेलन निमंत्रण वाद

९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन ११ ते १३ जानेवारी २०१९ या काळात यवतमाळ येथे अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली भरले. यवतमाळमधील हे दुसरे संमेलन होते. १९७३ च्या संमेलनाचे अध्यक्ष ग. दि. माडगूळकर होते. उद्घाटक म्हणून इंग्रजी लेखिका नयनतारा सहगल यांना बोलावण्यात आले होते. सहगल यांनी २०१५ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार परत केला होता. मराठी संमेलनाचे उद्घाटन इंग्रजी लेखिकेच्या हस्ते होण्यास स्थानिक पातळीवर विरोध झाला व कार्यक्रम उधळण्याचे इशारे देण्यात आले. त्यानंतर आयोजकांनी संमेलनाच्या काही दिवस आधी निमंत्रण मागे घेतले.

या निर्णयाचे पडसाद सर्वत्र उमटले. अनेक निमंत्रित साहित्यिकांनी संमेलनावर बहिष्कार टाकला, महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद भालचंद्र जोशी यांनी राजीनामा दिला, आणि अरुणा ढेरे यांनी अध्यक्षीय भाषणातून निमंत्रण रद्द करण्याच्या कृतीवर टीका केली. संमेलनाचे उद्घाटन यवतमाळ जिल्ह्यातील राजूर येथील शेतकरी स्त्री वैशाली येडे यांच्या हस्ते झाले; त्यांच्या पतीने आत्महत्या केली होती. सहगल यांचे न झालेले भाषण मात्र वृत्तपत्रे व समाजमाध्यमांतून प्रसिद्ध होऊन मांडवातील श्रोत्यांपेक्षा कितीतरी अधिक वाचकांपर्यंत गेले.

हे प्रकरण अतिरेकी आशयाचे नव्हते. तरीही आशय बेकायदेशीर नसताना केवळ गोंधळाच्या भीतीने व्यासपीठ नाकारले जाण्याचे उदाहरण म्हणून ते या विषयाशी निगडित आहे. धमक्यांमुळे सुव्यवस्था राखता येणार नाही, ही सबब सांगून अभिव्यक्ती रोखता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने एस. रंगराजन विरुद्ध पी. जगजीवन राम (१९८९) या चित्रपटविषयक निकालात म्हटले होते. हे बंधन राज्यसंस्थेवर आहे. खासगी आयोजक किंवा खासगी मंच यांच्यावर ते त्याच स्वरूपात लागू होत नाही.

जानेवारी २०२४ चा आदेश

द्वेषमूलक भाषणांविषयी पत्रकार शाहीन अब्दुल्ला यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २१ ऑक्टोबर २०२२ रोजी दिल्ली, उत्तर प्रदेश व उत्तराखंड पोलिसांना तक्रारीची वाट न पाहता स्वतःहून गुन्हे नोंदवण्याचा आदेश दिला होता. २८ एप्रिल २०२३ रोजी तो सर्व राज्ये व केंद्रशासित प्रदेशांना लागू करण्यात आला. दरम्यान ३ फेब्रुवारी २०२३ रोजी, मुंबईत दोन दिवसांनी होणाऱ्या सकल हिंदू समाजाच्या सभेचे पोलिसांनी चित्रीकरण करावे, असे न्यायालयाने सांगितले होते.

याच प्रकरणात जानेवारी २०२४ मध्ये नवा अर्ज करण्यात आला. हिंदू जनजागृती समितीची यवतमाळ येथील नियोजित सभा आणि तेलंगणातील भारतीय जनता पक्षाचे तत्कालीन आमदार टी. राजा सिंह यांच्या छत्तीसगडमधील रायपूर येथील नियोजित सभा थांबवाव्यात, अशी त्यात मागणी होती. अर्जदाराने पूर्वीच्या भाषणांचा हवाला दिला होता. १७ जानेवारी २०२४ रोजी न्या. संजीव खन्ना व न्या. दीपांकर दत्ता यांच्या खंडपीठाने सभांना स्थगिती देण्यास नकार दिला. ज्यांच्याविरुद्ध आरोप आहेत ते न्यायालयासमोर पक्षकार नाहीत, ही बाब न्यायालयाने लक्षात घेतली. मात्र यवतमाळ व रायपूरचे जिल्हा दंडाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांनी हिंसेची वा द्वेषमूलक भाषणाची चिथावणी होऊ नये यासाठी योग्य ती पावले उचलावीत, आणि आवश्यक वाटल्यास ध्वनिचित्रमुद्रणाची सोय असलेले सीसीटीव्ही कॅमेरे बसवावेत, जेणेकरून असा प्रकार घडल्यास दोषींची ओळख पटवता येईल, असे निर्देश देण्यात आले.

या आदेशात दोन तत्त्वांचा मेळ घातलेला दिसतो. बोलण्यापूर्वीच तोंड बंद करणारा पूर्वनिर्बंध टाळण्यात आला, आणि बोलल्यानंतरचे उत्तरदायित्व पक्के करण्यासाठी पुरावा जमवण्याची व्यवस्था सुचवण्यात आली. चित्रफितीची दुहेरी भूमिकाही यातून स्पष्ट होते. सभेतील भाषणाची जी चित्रफीत मंचावर द्वेषाचा प्रसार करू शकते, तीच तपासात पुरावा ठरू शकते. मंचाने ती जतन न करता कायमची नष्ट केल्यास प्रसार थांबतो, पण पुरावाही हातचा जातो.

टी. राजा सिंह यांच्यावर फेसबुकने सप्टेंबर २०२० मध्येच धोकादायक व्यक्तींविषयीच्या आपल्या धोरणानुसार बंदी घातली होती. त्यानंतरही त्यांच्या प्रत्यक्ष सभा सुरू राहिल्या व त्यांची चित्रणे इतर खात्यांवरून पसरत राहिली. मंचावरील बंदीची परिणामकारकता व मर्यादा या दोन्हींच्या चर्चेत हे उदाहरण दिले जाते.

महाराष्ट्रातील अन्य घटना

जून २०१४ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज व बाळासाहेब ठाकरे यांच्या विटंबित चित्रांच्या फेसबुकवरील प्रसारानंतर पुण्यात तणाव निर्माण झाला व त्या काळात एका निरपराध संगणक अभियंत्याची जमावाने हत्या केली. या खटल्यातील आरोपींची २०२३ मध्ये निर्दोष मुक्तता झाली. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी असल्याच्या अफवेतून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. अशा अफवा त्या वेळी देशभर व्हॉट्सअॅपवरून पसरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा आणली. तसेच १७ जुलै २०१८ रोजी तहसीन पूनावाला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जिल्हावार नोडल अधिकारी नेमण्याचे व जमावाला चिथावणाऱ्या चित्रफितींचा प्रसार रोखण्याचे निर्देश दिले. जून २०२३ मध्ये आक्षेपार्ह मानल्या गेलेल्या समाजमाध्यम स्थितींवरून कोल्हापूर शहरात हिंसक आंदोलन झाले.

दहशतवादी संघटनांच्या ऑनलाइन प्रचाराचा प्रश्न राज्यात २०१४ मध्ये ठळक झाला. त्या वर्षी कल्याणमधील चार तरुण इस्लामिक स्टेट या संघटनेत सामील होण्यासाठी इराकला गेल्याचे उघड झाले. डिसेंबर २०१५ मध्ये पुण्यातील एका अल्पवयीन मुलीवर या संघटनेच्या ऑनलाइन प्रचाराचा प्रभाव पडल्याचे आढळल्यावर दहशतवादविरोधी पथकाने तिच्या समुपदेशनाचा मार्ग अवलंबला. केवळ आशय काढण्याने वा शिक्षेने नव्हे, तर संवादाने प्रभाव कमी करण्याच्या पद्धतीचे हे उदाहरण मानले जाते.

दुसऱ्या बाजूस, कायदेशीर किंवा अतिरेकाच्या विरोधातील आशयावरच निर्बंध आल्याची उदाहरणेही आहेत. मुंबईस्थित माहितीपटकार आनंद पटवर्धन यांच्या 'राम के नाम' (१९९२) या माहितीपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला असूनही यूट्यूबने २०१९ मध्ये त्यावर वयोमर्यादा लावली. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने २०२१ च्या नियमांतील आणीबाणीच्या तरतुदी वापरून गुजरात दंगलींविषयीच्या बीबीसीच्या माहितीपटाचे दुवे यूट्यूब व ट्विटरवरून हटवायला लावले. मार्च २०२५ मध्ये कुणाल कामरा यांच्या यूट्यूबवरील चित्रफितीतील उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्यावरील विडंबनानंतर मुंबईतील ज्या स्टुडिओत तिचे चित्रीकरण झाले होते त्याची मोडतोड झाली.

मंचांची कार्यपद्धती

मोठे मंच आशयाची छाननी तीन पातळ्यांवर करतात. पहिल्या पातळीवर, पूर्वी काढलेल्या चित्रफितींचा 'अंकीय ठसा' जतन करून त्याच चित्रफिती पुन्हा चढवल्या जात असताना ओळखल्या जातात. फेसबुक, मायक्रोसॉफ्ट, ट्विटर व यूट्यूब यांनी २०१७ मध्ये स्थापन केलेल्या संयुक्त मंचामार्फत असे ठसे कंपन्यांमध्ये वाटून घेतले जातात. दुसऱ्या पातळीवर यंत्रशिक्षणावर आधारित प्रणाली नव्या चित्रफितींतील संशयास्पद आशय हेरतात. तिसऱ्या पातळीवर वापरकर्त्यांच्या तक्रारी व मानवी परीक्षक येतात. काढून टाकण्याव्यतिरिक्त वयोमर्यादा, इशारापट्टी, जाहिरातींचे उत्पन्न बंद करणे, शिफारशींतून वगळणे आणि विशिष्ट देशापुरते रोखणे हे पर्यायही वापरले जातात.

यूट्यूबच्या अहवालानुसार ऑक्टोबर ते डिसेंबर २०२३ या तिमाहीत भारतातून चढवलेल्या सुमारे २२ लाख ५० हजार चित्रफिती काढण्यात आल्या. हा आकडा त्या तिमाहीत कोणत्याही देशापेक्षा अधिक होता. त्यात सर्व प्रकारच्या नियमभंगांचा समावेश आहे. एवढ्या संख्येमुळे बहुतेक निर्णय प्रथम यंत्रेच घेतात. अंकीय ठसा भाषेवर अवलंबून नसतो. मात्र भाषण द्वेषमूलक आहे की द्वेषावरील टीका, हे ठरवण्यासाठी भाषेची जाण लागते. मराठीतील उपरोध, म्हणी, जातिवाचक संकेत आणि वऱ्हाडीसारख्या बोलींतील शब्दांच्या छटा ओळखण्यासाठी स्थानिक परीक्षकांची गरज राहते.

आंतरराष्ट्रीय संदर्भ

१५ मार्च २०१९ रोजी न्यू झीलंडमधील क्राइस्टचर्च येथील दोन मशिदींवरील हल्ल्यांत ५१ जण मृत्युमुखी पडले. हल्लेखोराने हल्ल्याचे फेसबुकवरून थेट प्रक्षेपण केले होते. पहिल्या २४ तासांत फेसबुकला त्या चित्रफितीच्या सुमारे १५ लाख प्रती काढाव्या किंवा रोखाव्या लागल्या. त्यानंतर मे २०१९ मध्ये पॅरिस येथे 'क्राइस्टचर्च आवाहन' स्वीकारण्यात आले. युरोपीय संघाच्या जून २०२२ पासून लागू झालेल्या नियमानुसार, सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशानंतर दहशतवादी आशय एका तासात काढावा लागतो. अमेरिकेत मात्र ब्रँडेनबर्ग विरुद्ध ओहायो (१९६९) या निकालानुसार तत्काळ बेकायदेशीर कृतीस उद्युक्त करणारे व तशी कृती घडण्याची शक्यता असलेले भाषणच दंडनीय ठरवता येते, आणि १९९६ च्या कायद्यातील कलम २३० मुळे मंचांना व्यापक संरक्षण आहे. पॅरिस हल्ल्यात मारल्या गेलेल्या एका विद्यार्थिनीच्या कुटुंबाने यूट्यूबच्या शिफारस प्रणालीला जबाबदार धरणारा दावा केला होता. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या संरक्षणाच्या व्याप्तीचा प्रश्न न सोडवताच तो निकाली काढला.

२०१७ मध्ये यूट्यूबच्या स्वयंचलित प्रणालीने सीरियातील युद्धाच्या हजारो चित्रफिती काढल्या. त्यांत मानवी हक्क संघटनांनी युद्धगुन्ह्यांचा पुरावा म्हणून जमवलेले चित्रणही होते. पुरावा व प्रचार यांत यंत्राने केलेल्या गल्लतीचे हे सर्वाधिक चर्चिले गेलेले उदाहरण आहे.

मतमतांतरे

आशय काढण्याच्या बाजूने असा युक्तिवाद केला जातो की चित्रफितीचा परिणाम छापील शब्दापेक्षा वेगाने व तीव्रतेने होतो. न्यायालयीन प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत हानी होऊन गेलेली असते, आणि राईनपाड्यासारख्या घटनांत काही तासांचा विलंबही जीवघेणा ठरतो. द्वेषाचे लक्ष्य ठरलेले समाजगट भीतीपोटी सार्वजनिक चर्चेतून मागे हटतात, त्यामुळे द्वेषमूलक आशय मोकळा सोडणे हीच त्या गटांच्या अभिव्यक्तीवरील मर्यादा ठरते, असेही प्रतिपादन केले जाते. विधी आयोगाच्या २६७ व्या अहवालातही समतेचा हक्क व अभिव्यक्तिस्वातंत्र्य यांचा एकत्रित विचार करण्यात आला आहे.

विरोधी बाजूचे म्हणणे असे की शिक्षेची टांगती तलवार असलेला मंच संशयाचा फायदा आशयकर्त्याला न देता आशय काढून मोकळा होतो. 'अतिरेकी' हे विशेषण सत्ताधाऱ्यांच्या टीकाकारांनाही लावले जाऊ शकते. लोकमान्य टिळकांवरील १८९७ व १९०८ चे राजद्रोहाचे खटले 'केसरी'तील लेखनावरूनच झाले होते, याची आठवण या संदर्भात करून दिली जाते. शिवाय एका मंचावरून हटवलेले गट कमी देखरेखीच्या मंचांवर जातात, आणि त्यांच्या मतांचे जाहीर खंडन होण्याची संधी कमी होते.

या दोन टोकांच्या मधली भूमिका आशयापेक्षा प्रक्रियेवर भर देते. काढण्याची कारणे आशयकर्त्याला लेखी कळवावीत, त्याला अपिलाची संधी असावी, शासकीय आदेश शक्यतो प्रसिद्ध व्हावेत, काढलेली चित्रफीत तपास व संशोधनासाठी ठरावीक काळ जतन करावी, आणि तातडीच्या प्रकरणांत आधी प्रसार थांबवून नंतर लवकर फेरविचार व्हावा, या तिच्या प्रमुख मागण्या आहेत. केंद्र सरकारच्या 'सहयोग' या आदेशप्रणालीविरुद्ध एक्स या कंपनीने केलेली याचिका कर्नाटक उच्च न्यायालयाने २४ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. त्यामुळे कलम ६९अ मधील सुनावणीची प्रक्रिया टाळून आशय काढला जातो का, हा प्रश्न अधिक चर्चेत आला.

भारतीय न्यायालयांच्या निर्णयांतून दिसणारा सर्वसाधारण कल असा की चिथावणी सिद्ध होत असल्यास कठोर कारवाई करावी, ती सिद्ध होत नसल्यास अप्रिय मतालाही संरक्षण द्यावे, आणि पूर्वनिर्बंध हा अपवाद राहावा. पुसद खटल्याचा निकाल व यवतमाळच्या सभेविषयीचा आदेश हे दोन्ही या चौकटीत बसतात. हीच चौकट खासगी मंचांच्या अंतर्गत नियमांना कितपत लागू करता येईल, हे अद्याप ठरलेले नाही.